ग्रामीण रुग्णालयात तीन डॉक्टरांचा रोस्टर कसा बसवायचा? (जरा मोठं आहे, पण वाचा)

रेफर_टू_सिव्हिल

नमस्कार मंडळी. मी ३० खाटांच्या एका ग्रामीण रुग्णालयात मेडिकल ऑफिसर आहे. तालुका सांगत नाही, आमच्याकडे भिंतींना कानही आहेत आणि व्हॉट्सॲपही. कागदावर अधीक्षक धरून चार डॉक्टर. प्रत्यक्षात अधीक्षक साहेबांकडे शेजारच्या तालुक्याचाही चार्ज, त्यामुळे ते मीटिंगा, व्हीसी (व्हिडिओ कॉन्फरन्स) आणि बिलं यातच अडकलेले. ड्यूटीला उरलो तिघं. मी, एक बाँडवाला नवीन एमबीबीएस पोरगा (सरकारी सेवेचं एक वर्ष केलं नाही तर १० लाख भरायचे म्हणून आलाय, अर्धं डोकं नीट पीजीत, म्हणजे पुढच्या शिक्षणाच्या प्रवेश परीक्षेत) आणि एक मॅडम. मॅडम आत्ताच मॅटर्निटीवरून जॉइन झाल्यात, बाळ नऊ महिन्यांचं, नवरा पुण्याला.

आत्ता चालतं असं की २४ तासांची इमर्जन्सी आळीपाळीने, म्हणजे दर तिसऱ्या दिवशी सकाळी आठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी आठ. ज्याची इमर्जन्सी नाही त्याने सकाळची चार तास आणि संध्याकाळची ४ ते ६ ओपीडी करायचीच. रात्रभर जागून सकाळी आठला सुटलो की साडेआठला ओपीडीत. आठवड्याचे तास १६८, भागिले तीन, झाले ५६, ही नुसती इमर्जन्सी. त्यात सहा दिवसांची ओपीडी मिळवली की माणशी ८०. आणि हे सगळं सुरळीत चाललं तर. पोस्टमॉर्टेम आलं, एमएलसी (पोलीस केस) आली, ९ तारखेचा मातृत्व अभियानाचा गरोदर बायांचा कॅम्प आला, कुठल्या साहेबांचा दौरा आला की जो क्वार्टरवर दिसेल त्याला बोलावतात. आमचा एक शिपाई तर थेट खिडकी वाजवतो.

आता मॅडम म्हणतायत सहा महिने नाइट नको. पोरगा म्हणतो सर मी सलग दहा दिवस दिवसरात्र करतो आणि मग दहा दिवस नागपूरला अभ्यासाला जातो. दोघांचंही मला पटतं आणि मधे सापडलोय मी. अधीक्षक म्हणाले, तुम्ही आपसात बसवा, मला फक्त तक्रार नको.

शेजारच्या तालुक्यात असंच आपसात दहा दहा दिवस वाटून घेतलेलं होतं, छान चाललं होतं. मग एका रात्री नेमका कोणी नव्हता, पेपरला बातमी, सगळ्यांना मुख्यालयी न राहिल्याच्या नोटिसा. शिवाय आता फेस अटेंडन्स आहे, म्हणजे रात्रभर काम करून सकाळी झोपलेला माणूस सिस्टीमला गैरहजर.

तर प्रश्न असा, की तिघांत लवचिक ड्यूट्या बसतात का, कोणी बसवल्यात का, आणि उद्या काही झालं तर अंगावर येणार नाही अशा लेखी पद्धतीने कशा करायच्या?

नाइटवाली_सिस्टर

सर, राग मानू नका पण आम्ही हे वर्षानुवर्षं करतोय आणि कोणाला त्याचं कौतुक नाही. मॉर्निंग ८ ते २, ईव्हनिंग २ ते ८, नाइट ८ ते ८, नाइट झाल्या की नाइट ऑफ. इन्चार्ज सिस्टर महिन्याचा चार्ट आधी लावते, अदलाबदल करायची तर अर्ज द्यायचा, दोघींच्या सह्या. भांडणं होतात, अगदी दिवाळीला तर बोलणं बंद होईपर्यंत होतात, पण आज रात्री कोण आहे हे सगळ्या दवाखान्याला माहीत असतं. डॉक्टरांची शिफ्टच नाही, कारण डॉक्टर म्हणजे कायम कॉलवर असं धरूनच चाललंय.

कॉलवर म्हणजे काय ते आमच्या बाजूने सांगते. रात्री तीनला पेशंट येतो, मी आधी विचार करते की उठवू का नको, कारण मला माहीत असतं साहेब काल सकाळपासून उभे आहेत. फोन केला की पलीकडून नुसतं हूं हूं. मी तोच डोस दोनदा विचारते, तिसऱ्यांदा वाचून दाखवते. झोपेत दिलेली ऑर्डर चुकली तर सही माझी असते ना केसपेपरवर.

म्हणून म्हणते, रोस्टर काहीही करा पण एक यादी लेखी करून लेबर रूममध्ये लावा. कशाला लगेच उठवायचं, कशाला सहापर्यंत थांबायचं. डिलिव्हरीनंतर रक्त जातंय, बीपी वाढलंय, झटके, बाळ रडलं नाही, साप, विष, छातीत दुखणं, अपघात, याला विचार न करता फोन. नॉर्मल डिलिव्हरी आम्ही करतोच की. बाकी पोटात दुखतंय चार दिवसांपासून आणि आज रात्री दीडला आठवलं, त्याला मी बीपी, नाडी, ताप बघून बसवून ठेवते. आमच्याकडे अशी यादी एका मॅडमनी केली होती, फोन निम्म्यावर आले आणि जे आले त्याला डॉक्टर पळत आले.

आणि त्या मॅडमना नाइट नको आहे तर त्याला नखरा म्हणू नका. बाळाला पाजायला रात्री क्वार्टरवर जाऊन परत यायचं, रस्त्यात लाइट नाही, गार्ड गेटवर झोपलेला. मी स्वतः केलंय.

कट्ट्यावरचा

एवढा सरकारी पगार घेऊन परत फ्लेक्झिबल ड्यूटी पाहिजे. आमच्या गावात डॉक्टर अकराला येतो आणि बाराला जातो, याहून किती फ्लेक्झिबल करायचं म्हणतो मी.

मेडिकलवाला_समोरचा

वरचे भाऊ चिडलेत ते उगाच नाही, पण मी दवाखान्याच्या समोर दुकान टाकून बसलोय बावीस वर्षं, दोन्ही बाजू रोज दिसतात म्हणून चार गोष्टी लिहितो.

पहिली गोष्ट, लोकांना कोणता डॉक्टर आहे याचं काही नसतं, आहे का नाही हे पाहिजे असतं. माझ्याच वडिलांना साप चावला तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते, पावसाळा, आणि सिस्टर म्हणाली डॉक्टर येतायत बसा. कोण येतंय, कुठून येतंय, किती वेळात, कोणाला माहिती नाही. सिस्टरनेच फोनवर विचारून सापाचं इंजेक्शन चालू केलं, वडील वाचले, पण ती अर्धी पाऊण तास जी गेली ना, त्यात माणूस शिव्याच देणार. गेटवर एक फळा लावा, आज दिवसा कोण, रात्री कोण, एवढंच. निम्मी भांडणं तिथंच मिटतात.

दुसरी गोष्ट कोणी बोलतच नाही. तुमच्या ओपीडीचा टाइम कोणासाठी आहे? सकाळी साडेआठला बाई शेतात गेलेली असते, रोजंदारी बुडवून येणार नाही. संध्याकाळी ४ ते ६ म्हणता, ती सहाला वावरातून निघते, साडेसहाला घरी, तोपर्यंत तुमची खिडकी बंद. मग ती माझ्या दुकानात येऊन म्हणते भाऊ कंबर दुखतीय काहीतरी दे. मी काय देणार, देऊ नये ते देतो. संध्याकाळची ओपीडी नुसती दोन तास पुढं सरकवली तरी बाया येतील. सरकारच्या त्या ‘आपला दवाखाना’ची ओपीडी रात्री १० पर्यंत असते, तिथं जमतंय तर इथं काहून जमू नये?

तिसरी, आमचा बाजार बुधवारचा. बुधवारी तुमच्या दारात जत्रा आणि गुरुवारी सकाळी डॉक्टर माझ्या दुकानात येऊन चहा पितो. पण ड्यूटी बुधवारी तेवढीच आणि गुरुवारी तेवढीच. पेरणीच्या दिवसात कोणी येत नाही, फवारणी सुरू झाली की रोज विषबाधा. २०१७ ला यवतमाळकडे काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. जरा बाजाराकडं आणि पिकाकडं बघून वार ठरवा ना राजेहो.

रेफर_टू_सिव्हिल

@मेडिकलवाला, बुधवारचं शंभर टक्के बरोबर. आमचाही बाजार बुधवारीच आहे, तुम्ही आमच्या समोरचे तर नाही ना 😅

@कट्ट्यावरचा, अकरा ते बारावाल्याची बाजू मी घेणार नाही. पण तो दहाव्या दिवशी अकराला येतो तेव्हा आधीचे नऊ दिवस कसे गेले ते पण कधी विचारा.

माजी_अधीक्षक

निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी रोस्टर म्हटलं की हात शिवशिवतात. धागाकर्त्या डॉक्टरांनी हिशोब मांडलाय तो चांगला आहे, पण एक गोष्ट सुटली. तुमचे माणशी ८० म्हणजे तिघांचे २४० तास. रुग्णालय अहोरात्र चालवायला लागतात १६८ आणि सकाळच्या ओपीडीला दुसरा माणूस हवा, चार तास गुणिले सहा दिवस, २४. बेरीज १९२. मग वरचे ४८ तास कुठं जातात? संध्याकाळच्या ओपीडीला तिघं कशाला बसता? सकाळी तिसरा माणूस कशाला? सगळे सगळीकडे हजर दिसले पाहिजेत या धाकापायी हे होतं, माझ्याही काळी व्हायचं, मी स्वतः केलंय. साहेब अचानक आले तर तिन्ही खुर्च्या भरलेल्या दिसाव्यात.

आता असं करून बघा. मॅडम सलग ८ ते ४, सोमवार ते शनिवार. तुम्ही ९ ते १ आणि ४ ते ८. पोरगा रात्री ८ ते सकाळी ८, सलग सात रात्री, आणि दिवसा त्याला कोणी हात लावायचा नाही, पोस्टमॉर्टेमला नाही, कॅम्पला नाही. पुढच्या आठवड्यात तुम्ही रात्री, तो दिवसा. रविवारचा दिवस, ८ ते ८, मॅडम आणि त्या आठवड्याचा दिवसवाला आलटून पालटून. हिशोब करा, मॅडमचे सरासरी ५४, तुमचे आणि पोराचे दोन आठवड्यांची सरासरी काढली तर ६९. कमी नाहीत. पण रात्रीनंतर झोप आहे, आणि ४ ते ८ मुळे मेडिकलवाल्यांच्या त्या वावरातल्या बाया पण येतील. ओपीडीची वेळ मात्र मनाने बदलू नका, रुग्ण कल्याण समितीत ठराव घ्या आणि सिव्हिल सर्जनना (जिल्हा शल्यचिकित्सक) पत्र टाका.

पोराला दहा दिवस नागपूर मिळणार नाही. तिघांत कोणालाच सलग मोठी सुट्टी बसत नाही, चौथा आल्याशिवाय नाही, यात कोणाचा दुष्टपणा नाही, भागाकारच तसा आहे. पण रात्रपाळीच्या आठवड्यात त्याला दुपारी बारा ते सात अभ्यासाला मिळतात, त्याला हे समजावून सांगा. नाहीतरी ३० खाटांच्या ठिकाणी रोज रात्री रणधुमाळी नसते.

मॅडमना रात्र नाही तर त्या बदल्यात काय, हे आधी ठरवा, नाहीतर तीन महिन्यांनी पोरगा कुजबुजायला लागेल आणि पोराचं चूक नसेल. माझ्याकडे अशीच वेळ आली होती तेव्हा दिवसा येणारी सगळी पोस्टमॉर्टेम, ९ तारखेचा कॅम्प आणि महिन्याचे रिपोर्ट मॅडमनी घेतले, आणि मुदत लिहिली, सहा महिने, अमुक तारखेपर्यंत. त्या नियमित नोकरीत असतील तर बालसंगोपन रजाही आहे १८० दिवसांची, पण ती सगळी एकदम मागितली तर तुम्ही दोघं मेलात, त्यामुळे थोडी थोडी घ्यायला सांगा.

लेखी कसं करायचं ते नीट सांगतो, कारण नोटीस येते ती इथं. आपसात काहीही नाही. अधीक्षकांच्या सहीचा कार्यालयीन आदेश, महिन्याचा तक्ता जोडलेला, आवक-जावकचा नंबर पडलेला. प्रत सिव्हिल सर्जनना, प्रत पोलीस स्टेशनला, प्रत १०८ च्या गाडीवाल्या डॉक्टरांना. पोलीस स्टेशनची प्रत सगळ्यात महत्त्वाची. त्यांना कळलं पाहिजे की आज पीएम (पोस्टमॉर्टेम) आणि एमएलसीला कोण, म्हणजे ते खिडकी वाजवणार नाहीत. तक्त्यात पीएम-एमएलसीचा वेगळा रकाना ठेवा. अदलाबदल झाली की दोघांच्या सह्या आणि अधीक्षकांची मान्यता, मेसेजवर चालणार नाही. फेस अटेंडन्ससाठी त्याच आदेशात एक ओळ टाका, की रात्रपाळीच्या डॉक्टरांची हजेरी रात्री ८ आणि सकाळी ८ ची धरावी.

रात्रीच्या पोस्टमॉर्टेमवरून एक. नोव्हेंबर २०२१ ला केंद्राने सूर्यास्तानंतर पोस्टमॉर्टेमला परवानगी दिली तेव्हापासून पुढारी मंडळी रात्री अकराला फोन करतात. ती परवानगी पुरेसा उजेड आणि सोयी असतील तिथं आहे, आणि खून, आत्महत्या, बलात्कार, कुजलेला मृतदेह, संशयास्पद मृत्यू असल्या केसेस, कायदा सुव्यवस्थेचा प्रश्न नसेल तर, त्यातून वगळलेल्या आहेत. तुमच्या शवागारात एक पिवळा बल्ब असेल तर तसं पत्र आधीच देऊन ठेवा.

अवांतर: कोर्टाची समन्सं कोणत्याच रोस्टरमध्ये बसत नाहीत. मला बदली होऊन नऊ वर्षांनी जुन्या तालुक्याचं समन्स आलं होतं, एका हाणामारीच्या जखमांसाठी. तिथं पोचलो तर आरोपीने मला ओळखलं, मी त्याला नाही, आणि तारीख पुढची पडली. आता काही ठिकाणी व्हीसीवर साक्ष घेतात म्हणे, विनंती करून बघत जा.

आयोवाकर

मी मूळचा सांगलीचा, इकडे आयोवात एका छोट्या गावातल्या हॉस्पिटलमध्ये आहे, हॉस्पिटलिस्ट, म्हणजे फक्त भरती पेशंट बघणारा डॉक्टर. मक्याची शेतं आणि डुकरं, दुसरं काही नाही. आलो कसा तर जे-१ व्हिसावर रेसिडेन्सी (इकडचं पीजी ट्रेनिंग) केली की एकतर दोन वर्षं परत जा नाहीतर डॉक्टर कमी असलेल्या भागात तीन वर्षं काम करा. कॉनराड ३० म्हणून स्कीम आहे, एका राज्याला वर्षाला अशा ३० जागा. थोडक्यात आमचाही बाँडच, फक्त बर्फातला.

इकडे सात दिवस काम सात दिवस सुट्टी हा प्रकार खूप चालतो. बारा तासांची शिफ्ट, म्हणजे कामाच्या आठवड्यात ८४ तास आणि पुढचा आठवडा कोरा. ऐकायला भारी वाटतं, मलाही वाटलं होतं. पाचव्या दिवशी डोकं जड होतं, सातव्या दिवशी मी पेशंटचं नाव विसरतो आणि सुट्टीचे पहिले दोन दिवस नुसते झोपण्यात जातात. त्यामुळे माजी अधीक्षक साहेबांच्या सलग सात रात्रींना माझा थोडा विरोध आहे, चार आणि तीन असे तुकडे करून बघा, मधे एक दिवस कोरा ठेवून.

पण इकडचं ते जमतं कशामुळे हे महत्त्वाचं. एक, सुट्टीवर असलेल्याला कोणी फोन करत नाही, केला तर तो उचलत नाही आणि त्यात कोणाला वाईट वाटत नाही. दोन, आमचं क्रिटिकल ॲक्सेस हॉस्पिटल आहे, २५ खाटांच्या वर जाता येत नाही, आणि तिथं डॉक्टर २४ तास इमर्जन्सीत बसून राहिलाच पाहिजे असं नाही, साधारण ३० मिनिटांत पोचला पाहिजे. पहिलं सगळं नर्स प्रॅक्टिशनर, म्हणजे तपासून औषध लिहिणारी जास्त शिकलेली नर्स, बघते. सिस्टरताईंनी वर सांगितलेली यादी म्हणजे त्याचंच गरिबातलं रूप, आणि माझ्या मते या धाग्यातली ती सगळ्यात कामाची गोष्ट आहे. तीन, माणूस कमी पडला की हॉस्पिटल बाहेरून लोकम, म्हणजे तात्पुरता बदली डॉक्टर आणतं, खर्च ऐकलात तर घेरी येईल. एनएचएममध्ये (राष्ट्रीय आरोग्य अभियान) ते ‘तुम्ही आकडा सांगा आम्ही देतो’ असं स्पेशालिस्टसाठी आहे ना, साधारण तसंच.

आणि असं समजू नका की इकडे सगळं गुडी गुडी आहे. इकडच्या कितीतरी छोट्या हॉस्पिटलांनी लेबर रूमच बंद केल्यात, बाईला कळा सुरू झाल्या की तासभर गाडी चालवायची. तुम्ही लोक तीन डॉक्टरांत डिलिव्हऱ्या चालू ठेवल्यात.

नाइटवाली_सिस्टर

डिलिव्हऱ्या तीन डॉक्टरांनी नाही हो चालू ठेवल्यात 🙂

आयोवाकर

चुकलो ताई. मान्य.

रेफर_टू_सिव्हिल

दोन महिन्यांनी परत आलोय, धागा वर काढतो, सांगायचं राहून गेलं होतं.

आदेश निघाला. अधीक्षक साहेब आधी घाबरले की तिन्ही डॉक्टर एका वेळी दिसणार नाहीत, कोणी विचारलं तर काय सांगू, मग त्या ४८ तासांचा हिशोब कागदावर मांडून दाखवला तेव्हा गप्प बसले आणि सही केली. रात्री आम्ही चार-तीन केल्या आयोवाकरांच्या सांगण्यावरून, म्हणजे सोमवार ते गुरुवार रात्री एक जण आणि शुक्रवार ते रविवार दुसरा, पुढच्या आठवड्यात उलट. उलटापालट होते त्या आठवड्यात एकाला सलग सात रात्री पडत होत्या, ते पहिल्याच महिन्यात पोराच्या लक्षात आलं (नीटचा अभ्यास कामाला आला), मग उलटंपालटं बंद केलं आणि महिनाभर एकच ठेवतो, महिना बदलताना मधे एक रात्र मी जास्तीची काढतो. रात्र संपली की त्या दिवशी दुपारपर्यंत दार बंद. दुपारी चारनंतर ज्याची नाइट नाही तो ओपीडीला.

बुधवारी मात्र सगळे तासभर आधी आणि मॅडम ६ पर्यंत थांबतात, त्याची भरपाई गुरुवारी. हे तक्त्यातच छापलंय.

संध्याकाळची ओपीडी ५ ते ८ ला पत्र गेलंय, उत्तर नाही. सध्या ६ नंतर येणाऱ्यांना कॅज्युअल्टीच्या रजिस्टरला घेऊन बघतो. पहिल्या आठवड्यात सात-आठ यायचे, आता पंचवीस-तीस येतात, जवळपास सगळ्या बाया, बऱ्याच जणींच्या हातात खुरपं तसंच. रक्त तपासायला म्हणावं तर लॅबवाला सहाला जातो. तो नवीन प्रॉब्लेम.

जमलं नाही ते पण सांगतो. पहिल्याच महिन्यात मॅडमच्या बाळाला न्यूमोनिया झाला, त्या आठ दिवस रजेवर, तक्ता गेला चुलीत. मी आणि पोरगा १२-१२ तास केलं आणि तिसऱ्या दिवशी एकमेकांवर खेकसलो. एनएचएमच्या आयुष डॉक्टरांनी सकाळची ओपीडी उचलली म्हणून निभावलं. पोलीस स्टेशनला प्रत दिली तरी खिडकी वाजतेच, फरक एवढाच की आता मी पडदा न उघडता नाव सांगतो, आज अमुक डॉक्टर, तक्ता तुमच्या ठाणे अंमलदाराच्या टेबलावर काचेखाली आहे.

सिस्टरताईंची यादी लेबर रूममध्ये लावली, लॅमिनेट करून. आमच्या इन्चार्ज सिस्टरने त्यात स्वतःच्या तीन ओळी वाढवल्या आणि माझी एक खोडली.

आता पोराचं वर्ष मार्चला संपतंय. नवीन बाँडवाला कधी येईल देव जाणे. मधले दोन-तीन महिने मी आणि मॅडम दोघंच, आणि त्यांच्या सहा महिन्यांची मुदत नेमकी मेमध्ये संपते. @माजी_अधीक्षक, दोघांत कसं बसवायचं? १६८ भागिले दोन मी करून बघितलंय, तेवढं सांगू नका.

माजी_अधीक्षक

दोघांत बसवूच नका. आत्ता डिसेंबर आहे, आजच सिव्हिल सर्जनना पत्र टाका की अमुक तारखेपासून पद रिक्त होतंय, शेजारच्या पीएचसीतून (प्राथमिक आरोग्य केंद्र) आठवड्याला दोन रात्री प्रतिनियुक्तीवर डॉक्टर द्यावा. पीएचसीला दोन मेडिकल ऑफिसर असतील तरच देतील. मार्चमध्ये मागितलं तर जूनमध्ये येतो. पत्राचा मसुदा लागला तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, माझ्याकडे जुना आहे, तारीख बदलली की झालं.

मेडिकलवाला_समोरचा

फळ्याचं काय झालं डॉक्टर? लावला का?

रेफर_टू_सिव्हिल

लावला. पहिल्या दिवशी कोणीतरी खडू पळवला, आता मार्करचा आणलाय.

नाइटवाली_सिस्टर

त्याच्यावर नाइटच्या सिस्टरचं पण नाव लिहीत जा.